तेरवीपर्यंत कोणी ओरडलं नाही

जीवन,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. तुझ्या बायकोकडे, समताकडे निरोप ठेवला की ती सांगते, "मॅडम, त्यांना सांगितलं. ते बरं म्हणाले आणि गोठ्याकडे गेले." गोठ्यात असं काय असतं रे? तुझ्याकडे दोन म्हशी आहेत, दोनशे नाहीत. तेव्हा हे पत्र मी छापायलाच देते. ज्यांनी तुला पाहिलेलं नाही त्यांनाही तू कोण ते कळू दे. आणि तुलाही एकदा नीट कळू दे, कारण गोविंदाच्या पायाची गोष्ट तू स्वतःला फार आखूड करून सांगतोस. 'माझ्या हातानं गेलं', संपली गोष्ट. मी जन्मभर फिजिक्स शिकवलं. एवढ्या आखूड उत्तराला मी कधी कोणाला मार्क दिले नाहीत.

तर आधीपासून.

तुझे वडील उकंडराव जानेफळच्या आसपास बोअरमधल्या मोटारी काढून द्यायचे. मोटार सोडणारे गावोगाव असतात. जळालेली, गाळात रुतलेली मोटार पाइपासकट वर आणणारा माणूस वेगळा लागतो. घाई केली की पाइप तुटतो, मोटार खाली बसते आणि बोअर कायमचं बाद होतं. वरून साखळी बांधल्याशिवाय खालचा एक नट सोडायचा नाही, आणि स्टार्टर बंद आहे एवढ्यावर विसंबायचं नाही, फ्यूज काढून खिशात ठेवायचा, हे त्यांनी तुला शाळेत असतानाच शिकवलं. मला हे पुष्कळ नंतर कळलं. बुलढाण्याच्या कॉलेजात मला एवढंच दिसायचं की प्रॅक्टिकल संपलं की बाकीची पोरं वायरी ओढून पळतात, आणि एक लुकडा मुलगा आधी बॅटरी सोडवतो, मग मीटर, मग उरलेल्या वायरी एकेक करून गुंडाळतो. मला चहाला जायचं असायचं आणि तुझ्यामुळे प्रयोगशाळेला कुलूप लावता यायचं नाही. मी तुला बोललेही आहे त्यावरून, आठवत असेल.

पुण्यात तू एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये लागलास. तिथे नवं मशीन बसवायला सगळे पुढे. जुनं उतरवायचं काम कोणालाच नको, कारण त्यात नाव होत नाही आणि चुकलं तर मात्र सगळ्या इमारतीला कळतं. ते काम तुझ्या गळ्यात पडलं आणि तू त्यातच मुरलास. पुढे उकंडरावांना अर्धांगाचा झटका आला, तू नोकरी सोडून परत आलास. समताला मेहकरला शाळेत नोकरी होती, एवढा एक आधार. गाव म्हणालं, पोरगं येडं आहे. मी म्हणाले, बरं झालं, मला माणूस हवाच होता.

मी तेव्हा रिटायर होऊन बुलढाण्यातलं कृत्रिम पायांचं केंद्र बघत होते. लहानसं, ट्रस्टचं. कोणाचा पाय रोटाव्हेटरमध्ये गेलेला, कोणाचा रस्त्यावर, कोणाचा साखरेनं. जिल्हाभरातून माणसं यायची. पायाचा उरलेला भाग ज्या खोल वाटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सगळं त्या सॉकेटवर असतं. ते नीट बसलं तर माणूस चालतो, नाही तर पाय कितीही चांगला असो, खुंटीला टांगला जातो. आम्ही नुकताच एक स्कॅनर घेतला होता, प्रत्येकाच्या सॉकेटचा आकार साठवायला. तुझ्या ओळखीनं पुण्याच्या त्या कंपनीनं आपला जुना युनिक्स सर्व्हर आम्हाला देऊन टाकला. पिठाच्या गिरणीसारखा घुमायचा. तू तो स्टोअररूममध्ये बसवलास, दाराला जाळी लावलीस, आणि तिथेच बसायला लागलास.

ट्रस्टचे अध्यक्ष पंजाबराव यांनी पहिल्याच सभेत तुला उभं केलं. म्हणाले, हे फाइलसिस्टिम अन् व्हॉल्यूम ग्रुप म्हणजे काय भानगड हाय ते आमच्या भाषेत सांग. मला वाटलं आता हा पोरगा इंग्रजी पाजळणार. पण तू हात पुसत उभा राहिलास आणि म्हणालास, "भाऊ, डिस्का म्हंजे लागून लागून असलेली वावरं. ती एक केली का व्हॉल्यूम ग्रुप झाला, आपला गटच समजा. त्याच्यात धुरे-बांध टाकून पाहिजे तेवढे तुकडे पाडायचे, अन् तुकडा पेरणीलायक करायचा. तयार केलेला तुकडा म्हंजे फाइलसिस्टिम."

"अन् मोडायचं असन तर?"

"तर उलटं यायचं. आधी वावरात कोणी हाय का पाहायचं. मंग माल घरी आणायचा. मंग फाटक लावायचं. मंग धुरे मोडायचे. गट सगळ्यात शेवटी."

पंजाबराव म्हणाले, आमच्या भावकीनं आधी गट मोडला, तेव्हापासून कोर्टात हाय. सगळे हसले. तू हसला नाहीस. तू सांगत राहिलास की फाटक लावणं आणि धुरे मोडणं यांच्यामध्ये थांबावं लागतं. फाटक लावलं की आतला माल जागच्या जागी असतो, फक्त कोणाला दिसत नाही. ज्याला लागेल तो ओरडेल. तो ओरडला की एका हुकमात फाटक उघडता येतं. धुरे मोडल्यावर मात्र ओरडून उपयोग नाही. किती थांबायचं, असं मी विचारलं. तर पंजाबरावच म्हणाले, माणसासाठी थांबतो तेवढं, तेरा दिवस, तेरवीपर्यंत. तो शब्द केंद्रात रूढ झाला. अमक्या डिस्कची तेरवी झाली का, असं आमची झाडणारी बाईसुद्धा विचारायची. तेरवी झाली की भाग मोडायचा, आणि बॅकअपची डिस्कही पुसून पुढच्या कामाला घ्यायची, कारण डिस्का आमच्याकडे मोजक्याच. हा नेम एकट्या तुझा नव्हता. सभेत ठरला होता. माझी मान सगळ्यांत आधी हलली होती.

आणि असलं काम काढायचं कधी? केंद्र रिकामं असेल तेव्हा. आपल्याकडे केंद्र रिकामं कधी असतं हे काय विचारायचं. दसऱ्याच्या पुढेमागे सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला आलं की एक पेशंट फिरकत नाही. मजुरांचे भाव चढलेले, आभाळाचा भरवसा नाही, शेंगा तडकायच्या आत घरात आल्या पाहिजेत. पाय दुखो, सॉकेट तडको, माणूस वर फडकं गुंडाळतो आणि वावरात जातो. म्हणून सर्व्हरची सगळी मोडतोड आम्ही सोंगणीत ठेवायचो. दर वर्षी. आणि आम्हाला ते फार शहाणपणाचं वाटायचं.

आता रहेमतुल्लाभाईंबद्दल. वाचणाऱ्यांना ते माहीत नाहीत. मेहकरकडचे, आधी बैलगाडीची चाकं करायचे, मग चाकं गेली आणि ते आमच्याकडे पाय करायला आले. सॉकेट घासताना डोळे मिटून घ्यायचे. समाधान म्हणून नव्हतं माणसाला. स्कॅनरवर पहिला आकार घ्यायचा, त्यावरून सॉकेट करायचं, मग चालवून बघून घासायचं, भरायचं, पुन्हा घासायचं, आणि शेवटी जे जमलं ते पुन्हा स्कॅन करून ठेवायचं, ही पद्धत. काम पूर्ण झालं असं त्यांना वाटलं तरच ते शेवटचा आकार पेशंटच्या खात्यात टाकायचे. तोवर तो त्यांच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, जुन्या डिस्कांवर. काहींचं काम त्यांच्या मते कधी पूर्ण झालंच नाही.

गोविंदा त्यातला. जानेफळच्या पुढच्या गावचा, ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. कोणत्या गल्लीला कधी पाणी, कोणता व्हॉल्व्ह किती फिरवायचा, हे सगळं त्याच्या पायात होतं. गुडघ्याखालचा पाय रोटाव्हेटरनं नेला आणि उरलेल्या हाडाला एक टोक राहिलं. कोणतंही सॉकेट त्या टोकावर घासायचं. कातडी फुटायची. रहेमतुल्लाभाई त्याच्या मागे लागले ते लागलेच. हंगामामागून हंगाम तो येत राहिला, ते घासत राहिले. शेवटी गोविंदा बुलढाण्याच्या स्टँडपासून केंद्रापर्यंत पायी यायला लागला, आणि वाटेत थांबून पान खायचा. तो म्हणायचा, चाचा, आता नाही दुखत, सोडा ना पिच्छा. त्यावर रहेमतुल्लाभाई म्हणायचे, "तुले नाही दुखत, पन मले दिसून राह्यलं ना बे." माझ्या देखत झालेलं आहे हे, अनेकदा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रहेमतुल्लाभाई गेले. त्यांच्या जागी त्यांचा मुलगा अनस बसायला लागला. हात चांगला होता, घाई थोडी होती. पुढच्या वर्षी जुन्या डिस्का कुरकुरायला लागल्या. मशीन रोज इशारे द्यायला लागलं. ठेवल्या असत्या तर एक दिवस बाकीच्यांना घेऊन बसल्या असत्या, त्यामुळे काढणं भागच होतं. हे तू स्वतःला सांगत नाहीस, म्हणून मी सांगते.

तू काय केलंस तेही सांगते. पेशंटची सगळी खाती नव्या डिस्कांवर नेलीस आणि एकेक जुळवून पाहिलंस. सभेत विचारलंस, फलकावर लावलंस, फोन केलेस. रहेमतुल्लाभाईंच्या फोल्डरबद्दल अनसला मुद्दाम जाऊन विचारलंस. तो म्हणाला, अब्बाचं ते कच्चं काम, पक्कं सगळं खात्यात हाय. त्याला खरंच तसं वाटत होतं. तरी तू ते बॅकअपमध्ये घेतलंस. मग फाटक लावलंस आणि थांबलास. सोंगणी चालू होती. केंद्रात इतकं सामसूम होतं की सर्व्हरचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. फोन वाजला नाही. कोणी आलं नाही. तेरवी झाली.

मोडायच्या दिवशी मी तुझ्या मागे उभी होते. मशीन सुरू होताना ज्या यादीत बघतं तिच्यातून तू आधी त्या भागांची नावं काढलीस, नाही तर पुढच्या वेळी ते नसलेलं शोधत बसतं म्हणालास. मग एकेक भाग मोडलास, मग गट झोपवलास म्हणजे बंद केलास, मग गट काढलास. दर वेळी मशीन विचारायचं, खरंच काढू का. तू दर वेळी हात मांडीवर ठेवून ओळ पुन्हा वाचायचास आणि मग हो द्यायचास. मी म्हणाले, आटप आता. तू म्हणालास, झालंच मॅडम. आठवड्यात बॅकअपची डिस्कही नव्या स्कॅनसाठी पुसून झाली.

गोविंदा दिवाळी झाल्यावर आला. कुबडीवर. सॉकेट फुटलं म्हणून त्यानं आदल्या दिवशी फोन केला होता आणि अनसनं सांगितलं होतं, नुसते या काका, तुमचा आकार मशीनमध्ये हाय, जुनं वागवत आणू नका. चहा झाला. अनसनं खातं उघडलं. आत पहिला आकार होता, अगदी सुरुवातीचा, ज्यानं गोविंदाची कातडी फुटायची तो. अनस पुन्हा पुन्हा तेच खातं उघडत राहिला. मग त्यानं तुला हाक मारली.

तू आलास, पाहिलंस. मशीनकडे गेलाच नाहीस. तू गोविंदासमोर जाऊन उभा राहिलास.

"गोविंदाभाऊ, फुटला कधी?"

"सोंगणीत. सुरुवातीलेच. सायकलच्या ट्यूबनं बांधला अन् काढले दिवस."

"मंग फोन काऊन नाही केला?"

गोविंदानं तुझ्याकडे असं पाहिलं, जसं काही तू परमुलखातून आला आहेस. "सोंगणीत कोन फोन करते जीवनभाऊ?"

तू खाली फरशीवर बसलास. गोविंदाला काही कळेना. त्याला वाटलं तुला चक्कर आली, तो अनसला म्हणाला पाणी दे रे त्याले.

पुढचं तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. अनसनं नवं माप घेतलं. सॉकेट केलं, टोकावर घासलं. दुसरं केलं, ते वर दाटलं. मी नागपूरहून एक जाणता माणूस बोलावला, त्यानंही केलं. प्रत्येक वेळी गोविंदा बसला, उठला, चार पावलं टाकून म्हणाला, बरं वाटून राह्यलं, आणि पुढच्या खेपेला कातडी फुटलेली. जुनं सॉकेट आण, त्यावरून काही जमतं का पाहू, असं अनस म्हणाला तर गोविंदा एकदाच तडकला. फेकलं उकिरड्यावर, म्हणाला, फुटक्या भांड्याले कोन ठेवते. मग कोणी तो विषय काढला नाही. उन्हाळ्यात गावाला पाणी वेळेवर मिळेना. ग्रामपंचायतीनं दुसरा माणूस लावला. तो नवा माणूस पहिले काही दिवस गोविंदाच्या ओट्यावर येऊन विचारून जायचा, कोणता व्हॉल्व्ह कुठे. मग त्याला पाठ झालं. गोविंदा केंद्रात यायचा थांबला.

आणि तू काढून टाकणं सोडलंस. मला ते उशिरा लक्षात आलं. चुकून दोनदा घेतलेले स्कॅन, रिकामे फोल्डर, बिघडलेल्या फाइली, सगळं ठेवायला लागलास. समतानं मला बाजारात गाठून सांगितलं की घरीही तेच. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, रिकाम्या बरण्या, उकंडराव वारल्यावर त्यांच्या औषधाच्या बाटल्यासुद्धा खिडकीत तशाच. तिनं टाकायला घेतल्या तर तू म्हणालास, कोनाले लागतात का ते विचारलं का? ती म्हणाली, मॅडम, मी कोणाला विचारू? घरात मी एकटी आहे. ती हसून सांगत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते.

मग सर्व्हर भरला. चिखलीकडची एक बाई आपल्या मुलाला पाठीवर घेऊन आलेली, स्कॅन घेतला आणि मशीन म्हणालं जागा नाही. तिला परत पाठवावं लागलं. सभा झाली. पंजाबरावांनी समजुतीनं विचारलं, जीवन, जुनं काढून टाकायला अडचण काय हाय? सगळ्यांले विचार, कोणी नाही म्हणालं नाही तर काढ.

तू म्हणालास, "कोणी काही म्हणत नाही याचा अर्थ मी काय घेऊ, तेवढं मले सांगा."

कोणी काही म्हणालं नाही. मला उत्तर नसलं की राग येतो. मी म्हणाले, असं केंद्र चालत नाही. चालत नाहीच. ते मी आजही म्हणेन.

अकोल्याची एक कंपनी आली. तिनं सगळी खाती इंटरनेटवरच्या आपल्या भाड्याच्या जागेत नेली आणि तुझा सर्व्हर भंगारात द्यायचा म्हणून एका माणसाला पाठवलं. त्यानं तोंडात खर्रा भरून दुपारभरात सगळं पुसलं. त्यानं आधी गट मोडला का धुरे, मला माहीत नाही. तू जाळीच्या दाराशी उभा होतास. दुसऱ्या दिवशी किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवून जानेफळची गाडी धरलीस. नारळ नाही, शाल नाही. सत्कार कोणाचा झाला? कंपनीचा.

आता माझं ऐक. तुझा क्रम बरोबर होता. फाटक लावून थांबणंही बरोबर होतं. आपण थांबलो ते सोंगणीत, आणि सोंगणीतला माणूस ओरडत नाही, हे ज्यांना आईच्या दुधासोबत कळायला हवं होतं ते आपण सगळे तिथे होतो. तू, मी, पंजाबराव, अनस, फलक वाचून गेलेला प्रत्येक जण. त्यात तुझा वाटा आहे, पण सगळं पोतं तुझं नाही. हे मला तुझ्या तोंडावर सांगायचं होतं.

त्याचसाठी मी गेल्या वर्षी तुला बोलावलं होतं. समताला जानेफळच्या बाजारात रुखमाबाई भेटल्या होत्या, गोविंदाची बायको. त्यांच्याकडून कळलं की सॉकेट उकिरड्यावर गेलेलंच नाही. माळ्यावर आहे, पोत्यात गुंडाळून. फेकलं म्हणाला ते रागानं. मी अनसला विचारलं. तो म्हणाला, तुकडे नीट जोडता आले तर आतून प्लास्टर भरून अब्बाचा आकार जसाच्या तसा निघेल. मी त्याच क्षणी तुला फोन लावला. तेव्हा तू उचलायचास. मी बुलढाण्याहून येणार, तू मेहकरच्या स्टँडवर गाडी घेऊन थांबणार, दोघांनी मिळून गोविंदाकडे जायचं, सॉकेट मागायचं आणि आणायचं. मी एकटीनं मागितलं तर तो मला फेकलं म्हणूनच सांगेल, तू मागितलंस तर देईल, हे आपलं दोघांचंही मत होतं. तू हाव, येतो म्हणालास. नक्की का, विचारलं, तर म्हणालास, नक्की.

मी स्टँडवर बसले. गाड्या आल्या, गेल्या. समता म्हणाली, घरून निघाले होते, फाट्यावरून परत फिरले. बरं. पुन्हा दिवस ठरवला तर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. मग सोयाबीन आलं, तेव्हा कोण जातं. मग तू फोन उचलेनास.

गोविंदा पौषात गेला. तुला माहीत आहे, तुझ्या वावरावरूनच नेला असेल. डॉक्टर साखर म्हणाले. मी तुला खोटं सांगणार नाही, साखर होती आणि शेवटच्या सॉकेटची जखमही भरलेली नव्हती. त्यातलं काय आधी आणि काय नंतर, ते मलाही ठरवता येत नाही.

मी आणि अनस भेटायला गेलो. रुखमाबाई ओट्यावर बसल्या होत्या. आमचा नवा पाय भिंतीला टेकवून ठेवला होता, पॉलिश तसंच. त्या म्हणाल्या, हा घेऊन जा, कोनाच्या कामी पडन. अनसनं हळूच विचारलं, जुना हाय का?

"तो देला ना त्याच्या संगं," रुखमाबाई म्हणाल्या. "हा काही त्याचा पाय नव्हता मॅडम. तो त्याचा पाय होता. मंग मानूस बिनपायाचा कसा लावून देऊ?" फुटलेले दोन्ही तुकडे त्यांनी सुतळीनं बांधून चितेवर त्याच्या गुडघ्याखाली ठेवले होते. प्लॅस्टिकचा धूर झाला, लोक खोकले, दीर ओरडला, त्यांनी ऐकलं नाही.

अनस उठून बाहेर गेला. रुखमाबाईंनी मला विचारलं, जीवनभाऊ काऊन नाही आले. मी सांगितलं, त्याच्याकडे म्हशी आहेत.

सॉकेट गुंडाळायला म्हणून मी त्या दिवशी मेहकरच्या स्टँडवर एक जुनी चादर घेऊन बसले होते, आणि तू माळ्यावर चढायचं ठरलं होतं, कारण माझे गुडघे चढत नाहीत. तुला फक्त मागायचं होतं आणि वर चढायचं होतं. ते राहिलं.